गणनेचा विनय : १ जानेवारीच्या वार्तांकनाची चिकित्सा

दरवर्षी २ जानेवारीच्या सकाळी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील उपासक वृत्तपत्राची वाट नेहमीपेक्षा अधिक उत्सुकतेने पाहतात. आदल्या दिवशी, किंवा त्याच्या आदल्या रात्रीच, ते विजयस्तंभाला मानवंदना देऊन आलेले असतात. जे आपण डोळ्यांनी पाहिले ते छापून आले आहे काय, हे त्यांना पाहावयाचे असते आणि पहिली दृष्टी जाते ती आकड्यावर. एका पत्रात पाच लाख, दुसऱ्यात दहा लाख, तिसऱ्यात आकडा नाहीच, नुसता ‘लाखोंचा जनसागर’. दिवस एक, ठिकाण एक, लोकही तेच. परंतु संख्या मात्र दुपटीने कमीअधिक. मग या तीन पत्रांतील जो आकडा मनाला रुचतो तो कापून विहाराच्या फलकावर लावला जातो. उरलेल्या पत्रांनी असत्य छापले की आपण फलकावर लावलेले पत्रच चुकले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला तोच विचारावयाचा आहे.

आम्ही वृत्तपत्रव्यवसायातील नव्हे. पालीचे अध्ययन-अध्यापन हे आमचे क्षेत्र. परंतु प्राचीन ग्रंथ वाचणाऱ्यास संख्येविषयी एक सवय लागते. पाचशे भिक्षू, साडेबाराशे भिक्षू, चौऱ्याऐंशी हजार स्तूप अशा संख्या पानोपानी भेटतात आणि प्रत्येक वेळी मनात तीन प्रश्न उभे राहतात : ही संख्या कोणी सांगितली, कशावरून सांगितली आणि कशासाठी सांगितली? हेच तीन प्रश्न आम्ही १ जानेवारीच्या बातम्यांना विचारणार आहोत. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका असे सांगितले, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘अनुस्सव’ म्हणजे केवळ पुराणातील कथा नव्हे. आज सकाळच्या वृत्तपत्रातील आकडाही अनुस्सवच आहे, हे आपण विसरतो.

बातमीतील चार आकडे

बातमीत ‘उपस्थिती’ म्हणून जो आकडा येतो तो वस्तुतः चार निरनिराळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक असू शकतो. पहिला आकडा अपेक्षेचा. डिसेंबरमध्ये जिल्हा प्रशासन पूर्वतयारीच्या बैठका घेते. किती लोक येतील असे धरून पाण्याचे टँकर, शौचालये, वाहनतळ, बसगाड्या व वैद्यकीय पथके यांची योजना होते. ही संख्या नियोजनाची असते आणि शहाण्या नियोजनात ती थोडी वाढवूनच धरावी लागते. ३१ डिसेंबरला ती ‘येण्याची शक्यता’ म्हणून छापली जाते आणि २ जानेवारीला तीच ‘आले’ म्हणून छापली जाते. क्रियापद बदलले, मोजणी मात्र झालीच नाही.

दुसरा आकडा पोलिसांच्या अंदाजाचा. तो बंदोबस्ताच्या दृष्टीने केलेला असतो आणि बहुधा दुपारच्या एखाद्या वेळेचा असतो. वार्ताहराला संध्याकाळी बातमी पाठवावयाची असते; दुपारचा आकडा दिवसाचा आकडा होऊन जातो. तिसरा आकडा आयोजक व संघटनांचा. येथे आयोजक एक नाही, अनेक आहेत. प्रत्येकाचे व्यासपीठ वेगळे आणि प्रत्येकाचा अदमासही वेगळा. चौथा आकडा बातमीदाराच्या डोळ्यांचा. तो पुलावर उभा राहून दोन्ही बाजूंना पाहतो, माणसांचा अंत दिसत नाही, आणि अंत न दिसणे म्हणजे लाखो, असा हिशेब करतो.

या चौघांपैकी कोणीही खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाच्या आकड्याला त्याचे प्रयोजन आहे. दोष आहे तो बातमीचा. कारण ती आकडा सांगते, परंतु तो कोणाचा, किती वाजताचा आणि कशावरून काढलेला, हे सांगत नाही. ‘सुमारे’ हा एकच शब्द घालून ती या तिन्ही प्रश्नांतून सुटका करून घेते.

जिथे स्थळाविषयीच काटेकोरपणा नाही, तिथे संख्येविषयी तो कोठून येणार? कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात आहे. परंतु स्तंभ उभा आहे तो भीमा नदीच्या पुण्याकडील बाजूस, पेरणे गावाच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात. बातम्यांत मात्र स्तंभ सर्रास ‘शिरूर तालुक्यातील’ होऊन जातो. हा केवळ भूगोलाचा काथ्याकूट नव्हे. नदी, पूल आणि दोन्ही काठांवरचा एकच मुख्य रस्ता ही या जागेची रचना आहे, आणि गर्दीची मोजणी करावयाची तर याच रचनेवरून करावी लागेल.

गुंठ्यांचा हिशेब

गर्दी मोजता येत नाही, असे म्हणणे हे अज्ञानाचे नव्हे, आळसाचे लक्षण आहे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात पत्रकारिता शिकविणारे हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात एक सोपी रीत मांडली. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा भरत आणि त्या चौकाच्या फरशीवर चौकटी आखलेल्या होत्या. एका चौकटीत किती माणसे मावतात हे त्यांनी मोजले आणि चौकटींच्या संख्येने गुणले. त्यांचा निष्कर्ष असा की विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत सुमारे साडेचार चौरस फूट, आणि अंगाला अंग चिकटलेल्या, धोक्याच्या गर्दीत सुमारे अडीच चौरस फूट.

आपल्या वाचकांना चौरस फुटांपेक्षा गुंठा अधिक परिचयाचा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्यात विरळ गर्दी असेल तर सुमारे ११० माणसे, दाट असेल तर सुमारे २४०. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यात दाट गर्दीची माणसे साधारण ९,७०० होतात. या हिशेबाने दहा लाख माणसे एकाच वेळी उभी राहावयाची तर दाट गर्दीतही शंभराहून अधिक एकर जागा लागेल, विरळ गर्दीत सुमारे २३० एकर. हा हिशेब शिरूर-दौंडकडचा कोणताही शेतकरी बांधावर बसून करू शकतो. वृत्तपत्राच्या कार्यालयात तो होत नाही.

परंतु येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे, नाहीतर हाच हिशेब आपल्यावर अन्याय करील. १ जानेवारीचा मेळावा हा एका मैदानात बसलेली सभा नव्हे. ३१ डिसेंबरच्या रात्रीपासून लोक येतात, स्तंभापुढे नतमस्तक होतात, पुस्तकांच्या दुकानांवरून फिरतात आणि परत जातात. त्यांच्या जागी दुसरे येतात. तेव्हा कोणत्याही एका क्षणी किती लोक होते ही एक संख्या, आणि दिवसभरात किती लोक येऊन गेले ही दुसरी. दुपारचे छायाचित्र पाहून ‘इतकेच होते’ म्हणणारा पहिली संख्या दुसरीच्या जागी ठेवतो; रात्रीपासूनच्या लोकांची बेरीज सांगून ‘एका वेळी इतके होते’ असे सुचविणारा दुसरी पहिलीच्या जागी ठेवतो. दोघेही चुकतात, उलट दिशांनी.

येऊन गेलेल्यांची संख्या प्रवाहावरून काढावी लागते. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ऐंशीच्या आसपास माणसे पुढे जाऊ शकतात, असे गर्दीचे नियोजन करणारे तज्ज्ञ धरतात; आणि जिथे लोक थांबून वंदन करतात, फुले वाहतात, तिथे ही गती पुष्कळच कमी होते. आता चोवीस तासांत दहा लाख माणसे म्हणजे मिनिटाला सुमारे ६९५ माणसे. रात्रीच्या दोन वाजतासुद्धा, एकही मिनिट खंड न पडता. वाट मोकळी असेल तर त्याला जवळजवळ नऊ मीटर रुंदी लागेल. गती निम्म्याहून कमी झाली तर सतरा मीटरहून अधिक. हे अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. स्तंभापर्यंत न पोहोचता रस्त्यावरूनच वंदन करून परतणारेही हजारोंनी असतात. आमचे म्हणणे एवढेच की जो वार्ताहर दहा लाख लिहितो त्याने ही वाट किती रुंद होती, ते एकदा पाहिले पाहिजे.

बसगाड्यांचाही असाच हिशेब आहे. अलीकडच्या वर्षांत दूरच्या वाहनतळांवरून स्तंभापर्यंत लोकांना बसने आणण्याची व्यवस्था होते. एका फेरीत ६० माणसे धरली तर पाच लाख लोकांना आणण्यास ८,३०० हून अधिक फेऱ्या लागतील. फेऱ्यांची नोंद ठेवणे हे वाहतूक खात्याचे रोजचे काम आहे. ती नोंद मागितली तर अदमासाच्या जागी आधार येईल. परंतु बातमीत बसगाड्यांची संख्या येते, फेऱ्यांची येत नाही.

याच दिवशी अहिल्यानगरकडून पुण्याला जाणारी वाहतूक शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला, यवत या मार्गाने, म्हणजे दौंड तालुक्यातून वळविली जाते. शिरूर-दौंडच्या लोकांना १ जानेवारी कळतो तो प्रथम या रस्त्यावरच्या गर्दीवरून. त्या दिवशी या मार्गावर जी वाहने दिसतात त्यांतील कित्येकांचा मानवंदनेशी काही संबंध नसतो. ती नुसती वळविलेली वाहने असतात. उलट दौंड जंक्शनला रेल्वेतून उतरून मिळेल त्या वाहनाने पेरण्याकडे जाणारी वृद्ध उपासिका कोणत्याच वाहनतळाच्या नोंदीत येत नाही. रस्त्यावरील कोंडी पाहून आकडा ठरविणारा पहिल्याला मोजतो आणि दुसरीला वगळतो. आणि मथळा येतो ‘वाहतुकीची कोंडी’. आपल्या माणसांची मोजदाद माणसे म्हणून न होता अडथळा म्हणून होते, याचे दुःख आकड्यातील चुकीपेक्षा मोठे आहे.

संख्या गौरवाची आणि संख्या प्रयोजनाची

आता पाली ग्रंथांकडे वळू. सुत्तांत भगवान पाचशे भिक्षूंसह चारिका करतात, तेव्हा मूळ शब्दरचनेत ‘मत्त’ हा शब्द येतो. तो प्रमाणवाचक आहे. पाचशेच्या मापाचा, पाचशेच्या आसपासचा असा त्याचा भाव. म्हणजे संगायनकारांनी व्याकरणातच कबुली देऊन ठेवली आहे की ही मोजलेली संख्या नव्हे, मोठ्या संघाचे द्योतक आहे. चौऱ्याऐंशी हजारही तसेच. यांस आम्ही गौरवाची संख्या म्हणतो. ती असत्य नाही. कारण ऐकणारा आणि सांगणारा दोघेही तिचे स्वरूप जाणतात.

परंतु जिथे संख्येवर काही अवलंबून असते तिथे तेच ग्रंथ किती काटेकोर होतात पाहा. मध्य जनपदात उपसंपदेस दहा भिक्षू हवेत, प्रत्यंत जनपदात विनयधरासह पाच चालतील. एक कमी पडला तर कर्म सिद्ध होत नाही. पहिल्या संगीतीसाठी महाकस्सप थेरांनी निवड केली ती पाचशेची नव्हे, पाचशेला एक कमी अशांची. आणि आनंद थेरांना घेतल्यावर पाचशे पूर्ण झाले. ‘सुमारे पाचशे’ असे तिथे कोणी म्हटले नाही. ही प्रयोजनाची संख्या.

महावग्गाच्या उपोसथ-खन्धकातील एक प्रसंग आमच्या विषयाला थेट भिडणारा आहे. भिक्षू पिंडपातासाठी फिरत असता लोक त्यांना विचारीत, भन्ते, आपण भिक्षू किती आहात? भिक्षू म्हणत, आम्हांला ठाऊक नाही. लोक नाराज झाले. हे श्रमण एकमेकांनाही ओळखत नाहीत, मग दुसरे काही कल्याणकारक यांना काय कळणार, असे ते बोलू लागले. ही गोष्ट भगवंतांच्या कानांवर गेली. त्यांनी लोकांना दोष दिला नाही, किंवा संख्येला काय महत्त्व, असेही म्हटले नाही. भिक्षूंची गणना करण्यास त्यांनी अनुज्ञा दिली. आणि गणना केव्हा करावी असे विचारले गेले तेव्हा उपोसथाच्या दिवशी, नावे घेऊन किंवा शलाका घेववून करावी, असे सांगितले.

या लहानशा प्रसंगात तीन गोष्टी आहेत. एक, संख्या विचारण्याचा लोकांना अधिकार आहे. दोन, ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिक उत्तर असले तरी पुरेसे नाही. ठाऊक करून घेण्याची जबाबदारी संघाची आहे. तीन, मोजणीची तिथी आणि रीत ठरलेली असावी. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने शलाका वाटल्या. आज लाखोंचा मेळावा भरविणारे आपण मोजणीसाठी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राकडे पाहतो.

आपल्याकडचे बोट

वृत्तपत्रांवर टीका करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे, याविषयी शंका नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. १ जानेवारी १९२७ रोजी प. पू. बाबासाहेब या स्तंभाजवळ आले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. आपली बातमी आपणच छापावी लागेल हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतरही कित्येक दशके १ जानेवारीची दखल घेतली गेली तर बहुधा स्थानिक पानावर चार ओळींत. अनुल्लेख हा सर्वांत लहान आकडा असतो : शून्य. ज्यांना शून्य म्हणून मोजले गेले त्यांना पुढे प्रत्येक शून्य आपल्या आकड्यापुढे लावावेसे वाटले, तर त्यामागची वेदना आम्ही समजू शकतो.

परंतु वेदना समजणे वेगळे आणि आकडा मान्य करणे वेगळे. याच स्तंभाचे उदाहरण घेऊ. ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून दरवर्षी म्हटले जाते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणीतून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ होते. शिवाय सुमारे ३०० घोडेस्वार, दोन तोफा आणि मद्रासचे गोलंदाज होते. एकूण आठशेहून अधिक. समोरची वीस हजार घोडदळ व आठ हजार पायदळ ही संख्या इंग्रजांच्या बाजूने केलेला अंदाज आहे. प्रत्यक्ष हल्ल्यात उतरलेल्या तुकड्या सुमारे दोन हजारांच्या होत्या असे अभ्यासक मानतात. स्तंभावर वीरगती प्राप्त झालेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतील २२ नावे महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात आणि त्यांच्या शेवटी येणारा ‘नाक’ हा प्रत्यय आपली ओळख मोठ्याने सांगतो.

येथेही तीच प्रक्रिया दिसते. एका पक्षाचा अदमास वारंवार सांगितला गेला, आणि ‘कोणाचा अदमास’ हे शब्द वाटेत गळून पडले. दिवसभर, पाण्यावाचून, आठशे माणसांनी पेशव्यांच्या प्रचंड सैन्यापुढे गाव सोडले नाही, हे सत्य एवढे मोठे आहे की त्याला वाढवून सांगण्याची गरज नाही. दगडावर कोरलेली २२ नावे कोणी खोडू शकत नाही. सैल आकडा मात्र विरोधक एका दुपारी खोडतो आणि त्याबरोबर खऱ्या गोष्टीवरही संशय निर्माण करतो. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण ज्या मुखाने घेतो त्याच मुखाने व्यासपीठावरून बोलतो, याचे भान ठेवावयास हवे.

संख्येच्या वादात पीडित समाजाची कशी हानी होते याचा एक धडा अमेरिकेतही आहे. १६ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय पुरुषांचा प्रचंड मेळावा झाला. शासकीय उद्यानखात्याने चार लाख लोक आले असे सांगितले. आयोजक पंधरा ते वीस लाख म्हणत होते. त्यांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. बॉस्टन विद्यापीठातील तज्ज्ञांनी छायाचित्रांवरून पुन्हा मोजणी केली आणि ८ लाख ३७ हजार, वीस टक्के कमी किंवा अधिक, असा निष्कर्ष काढला. म्हणजे शासनाने निम्म्याहून कमी सांगितले होते आणि आयोजकांनी जवळजवळ दुप्पट. यातून चांगली मोजणी सुरू व्हावयास हवी होती, झाले उलटेच. तेथील संसदेने त्या खात्याचे मोजणीचे कामच बंद करविले. मोजणारा गेला, वाद राहिला. बॉस्टनच्या तज्ज्ञांनी आकड्याबरोबर चुकीची मर्यादाही सांगितली, ही गोष्ट मात्र आपण घेण्याजोगी आहे. ‘मत्त’ शब्दाचे ते आधुनिक रूपच म्हणावे लागेल.

आकड्यावर काय अवलंबून आहे

कोणी म्हणेल, पाच लाख काय किंवा दहा लाख काय, भावना महत्त्वाची. आमचे उत्तर असे की आकड्यावर पाणी अवलंबून आहे, स्त्रियांसाठी शौचालये अवलंबून आहेत, रुग्णवाहिकेची वाट अवलंबून आहे. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत शेकडो माणसे मृत्यू पावली. एका अरुंद वाटेवर किती माणसे मावतात याचा विचार आधी न झाल्याची ती किंमत होती. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा व सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. अशा कोणत्याही चौकशीपुढे पहिला प्रश्न असतो की किती लोक येणार हे ठाऊक होते आणि त्या प्रमाणात संरक्षण होते काय. आकडा आधीच वाऱ्यावर असेल तर प्रत्येकाला आपल्या सोयीचा आकडा सापडतो. कमी आकडा सांगून ‘एवढी गरजच नव्हती’ असे म्हणता येते; फुगलेला आकडा सांगून ‘एवढ्यांना कोण पुरे पडणार’ असेही म्हणता येते. आपण फलकावर अभिमानाने लावलेला दहा लाखांचा आकडा उद्या आपल्याच गैरसोयीचे समर्थन होऊ शकतो.

आपल्या इतिहासात एक मोजणी अशी झाली की तिच्यापुढे सर्व अदमास गौण ठरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर किती लोक होते याचे आकडे तीन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत निरनिराळे सांगितले जातात आणि तो वाद बहुधा कधी मिटणार नाही. परंतु १९६१ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या सुमारे ३२.५ लाख नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे २७.९ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. दहा वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ती नगण्य होती. हा आकडा कोणा वार्ताहराने पुलावरून पाहिलेला नव्हता. घरोघरी, एकेका नावापुढे, ‘बौद्ध’ असे सांगून तो उभा राहिला. आणि तेही अशा काळात की धर्म ‘बौद्ध’ सांगितल्यास अनुसूचित जातीच्या सवलती जाण्याचे भय खरे होते. ते भय कायद्याने दूर झाले ते १९९० साली. नाव सांगून, किंमत मोजून झालेली ती गणना होती, शब्दशः नाममार्गाची. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. लांबलेल्या पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. मेळाव्यातील गर्दीचा आकडा फुगविण्यात जी शक्ती खर्च होते तिचा काही अंश या नोंदीकडे वळला पाहिजे, हे ओघाने सांगावेसे वाटते.

काय करता येईल

वृत्तपत्रांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. आकडा छापताना तो कोणाचा, किती वाजताचा आणि एका वेळचा की दिवसभराचा, हे तीन शब्दप्रयोग जोडावेत. निरनिराळ्या स्रोतांचे आकडे निरनिराळे असतील तर ते शेजारी शेजारी द्यावेत, त्यांतला एक निवडून मथळा करू नये. अपेक्षेचा आकडा दुसऱ्या दिवशी उपस्थितीचा म्हणून देऊ नये. आणि जिथे आधारच नाही तिथे आकडा देऊ नये. ‘मोजणी झाली नाही’ असे लिहिण्यात पत्राची अप्रतिष्ठा नाही.

परंतु अधिक मोठी अपेक्षा आमची आपल्याकडून आहे. ही जागा मोजणीला अनुकूल आहे. येणारा माणूस एकतर लोणीकंदकडून येतो किंवा शिक्रापूरकडून पूल ओलांडून येतो. शिरूर, दौंड आणि हवेली तालुक्यांतील विहारांनी मिळून दोन्ही बाजूंना काही तरुण-तरुणींना उभे केले, प्रत्येक तासात केवळ दहा मिनिटे स्तंभाच्या दिशेने जाणाऱ्यांची नोंद केली आणि तिला सहाने गुणले, तर दिवसाअखेर एक आधारभूत संख्या हाती येईल. जाणारेच मोजावेत, परतणारे मोजू नयेत, म्हणजे दुबार गणना होणार नाही. वाहनतळांकडून बसच्या फेऱ्या मागून घ्याव्यात आणि दोन्ही हिशेब ताडून पाहावेत. जी संख्या येईल ती, चुकीच्या मर्यादेसह, त्याच रात्री सर्व पत्रांना द्यावी. ती आपल्या अपेक्षेपेक्षा कमी आली तरी द्यावी. मानवंदनेसाठी शिस्तीने उभे राहणाऱ्या समता सैनिक दलाच्या समाजाला हे काम अवघड नाही.

कमी आली तर काय, ही भीती काही उपासकांच्या मनात येईल हे आम्ही जाणतो. शिरूरच्या एका ज्येष्ठ उपासकाने हा विचार ऐकून आम्हांला विचारले, “भाऊ, आपणच आपला आकडा कमी करून कोणाचे भले होणार?” त्या वेळी आम्ही महावग्गातील तो प्रसंग सांगितला. ते काही वेळ थांबून म्हणाले, “म्हणजे लोकांनी भिक्षूंना विचारले तसे आम्हांलाही कोणी विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे.” यापेक्षा अधिक काही आम्हांला सांगावयाचे नव्हते.

पुढील १ जानेवारीला स्तंभापुढे जाताना आपल्यापैकी काहींच्या हाती निळा ध्वज असेल, काहींच्या हाती फुले. एखाद्या तरुणीच्या हाती वही आणि पेन्सिल असावी, आणि तिने समोरून जाणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ ओढावी. ती रेघ म्हणजे आजची शलाका होय.